वय ४२, हौशी नाटकाचा अनुभव, घर सोलापुरात: चरित्र अभिनेता होता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ ४२ वर्षांचे आहेत, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतात. कॉलेजपासून हौशी नाटक केलंय, राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालंय, मुलगी दहावीत आहे. आता चित्रपट-मालिकांत चरित्र भूमिका कराव्यात असं मनात आहे. उशीर झालाय का, नोकरी आणि सोलापूर सोडावं लागेल का, आणि या कामात माणसाचं आयुष्य प्रत्यक्षात कसं जातं, असं त्यांनी विचारलंय.

मी बरीच वर्षं हेच काम करतोय. सुरुवात इथल्याच हौशी रंगभूमीवर झाली आणि घर आजही इथेच आहे. नव्या पेठेत लोक थांबवतात, "तुम्ही ते सासऱ्याचं काम करणारे ना?" म्हणतात. नाव विचारत नाहीत. मला त्यात कमीपणा वाटत नाही. सासरा लक्षात राहिला, म्हणजे नेमून दिलेलं काम झालं.

उशिराचं आधी सांगतो, कारण तुमच्या पत्रात तीच भीती जास्त दिसते. उशीर झालेला नाही. नायकाच्या भूमिकेला वय आड येतं, चरित्र भूमिकेला वय लागतं. बाप, काका, मुख्याध्यापक, फौजदार, वकील, सरपंच, बँकेचा मॅनेजर, देवळातला गुरव, ही सगळी माणसं चाळिशीच्या अलीकडची नसतातच. विशीत मुंबई गाठलेल्या मुलाला पोट भरण्यासाठी जे काम मिळेल ते करावं लागतं, आणि त्या धावपळीत माणसं बघायची राहून जातात. तुम्ही वीस वर्षं कारखान्यात बसून पगाराचा दिवस पाहिला आहे. उचल मागायला आलेला कामगार दाराशी कसा उभा राहतो, मालकाचा फोन आल्यावर मॅनेजरचा आवाज कसा बदलतो, हे तुम्हाला कुठल्या शिबिरात शिकायची गरज नाही. (बायकांच्या बाबतीत या धंद्याचा न्याय वेगळा आहे. पस्तिशीतल्या बाईला पंचविशीतल्या नायकाची आई करायला लावतात. ते मला कधीच पटलेलं नाही, आणि नट्यांनी याबद्दल बोलावं, निर्मात्यांनी ते ऐकावं असं मला मनापासून वाटतं.)

आता या कामाचं मर्म. राज्य नाट्यला तुम्ही बहुतेक प्रमुख भूमिका केल्या असणार, म्हणून हे सांगणं जरुरीचं आहे. चरित्र नटाच्या वाट्याला आलेला सीन बहुतेक वेळा त्याचा नसतो, दुसऱ्या कुणाचा असतो. त्या दुसऱ्याचं दुःख, राग, फजिती खरी वाटावी, म्हणून आपण तिथे उभे असतो. हे ज्याला मनापासून मान्य होतं तो या कामात टिकतो. ज्याला होत नाही तो दोन-तीन वर्षांत कडवट होऊन परत येतो. अशी गुणी माणसं मी पाहिली आहेत.

एक उदाहरण घेऊ. समजा तुम्हाला तहसील कचेरीतल्या कारकुनाची भूमिका मिळाली. नायिका एका उताऱ्यासाठी तिसऱ्यांदा हेलपाटा मारून आली आहे. तुमची वाक्यं दोनच: "साहेब मीटिंगला गेलेत. सोमवारी या." नवा नट इथे काय करतो? पान चघळतो, चष्म्यावरून खालीवर बघतो, 'सोमवारी'वर हेल काढतो. दोन वाक्यांत आपली दखल घेतली जावी म्हणून त्याची धडपड चाललेली असते. पण कचेरीत अर्धा दिवस बसून खरा कारकून बघा. तो गुर्मीत नसतो, कामात असतो. समोर रजिस्टर उघडं असतं, एका ओळीवर डाव्या हाताचं बोट असतं. कुणी हाक मारली तर तो मान वर करतो, पण बोट काढत नाही, कारण काढलं तर ओळ चुकेल. तसाच बोट ठेवून दोन वाक्यं बोलतो आणि पुन्हा खाली बघतो. त्या बाईचा सगळा अपमान त्या न उचललेल्या बोटात आहे. त्याला वेगळं काही 'करायची' गरज उरत नाही. असं केलंत तर दिग्दर्शक बहुधा त्या बोटाचा वेगळा शॉट लावतो, नायिकेच्या चेहऱ्यावर जे यायला हवं ते आपोआप येतं, आणि पुढच्या वेळी कारकून, पोस्टमास्तर, कंडक्टर लागला की सहायक दिग्दर्शकाला तुमची आठवण होते. या धंद्यातली बढती ती हीच. पुन्हा बोलावणं येणं.

भूमिका कितीही छोटी असो, मी मनाशी काही गोष्टी पक्क्या करून जातो. हा माणूस सीन सुरू होण्याच्या दहा मिनिटं आधी काय करत होता, त्याला इथून कधी सुटायचंय, आणि समोरच्याला तो आधीपासून ओळखतो का. संहितेत हे लिहिलेलं नसतं. लेखकाला तेवढी सवड नसते. ते आपण घरून आणायचं. आणलंय हे कुणाला सांगायचं मात्र नाही. सेटवर दिग्दर्शकाला आपल्या दोन ओळींच्या पात्राचा पूर्वेतिहास ऐकवणारे नट असतात, आणि त्यांना पुढच्या वेळी बोलावणं येत नाही.

रंगमंचावरून कॅमेऱ्यापुढे येताना काय सोडावं लागतं, ते आता. हुतात्मा स्मृती मंदिरात शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जावं म्हणून आपण आवाज लावतो, हातवारे खांद्यापासून करतो. सेटवर माईक तुमच्या सदऱ्याच्या आत चिकटवलेला असतो. नाटकातला आवाज तिथे ओरडल्यासारखा वाटतो. पण आवाज कमी करताना जोर कमी करू नका. हौशी नटांचा नेमका इथे गोंधळ होतो, ते पुटपुटायला लागतात. शेजारच्या खोलीत मूल झोपलेलं असताना बायकोशी तावातावाने भांडण झालंय, असं समजून बोला. आवाज खाली, जोर तोच.

डोळ्यांचंही एक तंत्र आहे. आपण समोरच्याशी बोलताना त्याच्या एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात बघत असतो. नाटकात ते कुणाला कळत नाही. क्लोजअपमध्ये मात्र बुबुळं अस्वस्थ हलताना दिसतात आणि पात्र खोटं बोलतंय असं वाटतं. म्हणून समोरच्या नटाचा कॅमेऱ्याजवळचा एकच डोळा धरायचा. पापण्या विनाकारण मिटायच्या नाहीत. हे आरशापुढे नाही जमत, कुणाला तरी समोर बसवून मोबाइलवर चित्रण करून बघा.

आणि कंटिन्युटी, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्या शॉटशी जुळणं. एकच सीन आधी मास्टरमध्ये, म्हणजे सगळे दिसतील अशा शॉटमध्ये, मग खांद्यावरून, मग एकेकाच्या क्लोजमध्ये, असा तुकड्यातुकड्यांनी पुन्हा पुन्हा घेतात. मास्टरमध्ये तुम्ही "पोरगी मोठी झाली" म्हणताना उजव्या हाताने चहाचा कप उचललात, तर दोन तासांनी तुमचा क्लोज लागेल तेव्हाही त्याच शब्दाला, त्याच हाताने, तेवढ्याच भरलेल्या कपाने ते व्हायला हवं. सहायक फोटो काढून ठेवतो, पण कुठल्या शब्दावर हात हलला हे फोटोत येत नाही. ते नटाने लक्षात ठेवायचं. जुळलं नाही तर एडिटर तुमचा क्लोज टाकून देतो आणि समोरच्याचा चेहरा लावतो. तुम्ही उत्तम केलेलं काम असं कायमचं जातं, आणि ते का गेलं हे तुम्हाला कुणी येऊन सांगत नाही. म्हणून सुरुवातीला हालचाली थोड्या ठेवा, पण ज्या ठेवाल त्या शब्दाला बांधून ठेवा. तुम्ही हिशेबाचे माणूस आहात, तुम्हाला हे इतरांपेक्षा लवकर साधेल असा माझा अंदाज आहे.

ऐकण्याबद्दल मी सगळ्यात जास्त बोलू शकतो. मालिकेत पंधरा माणसांचं कुटुंब दिवाणखान्यात उभं असतं, बोलतात तीन. बाकीच्या बाराजणांना काय काम? ऐकायचं. पण बहुतेकजण ऐकत नाहीत, ऐकल्यासारखं तोंड करतात. भुवया वर, तोंड अर्धं उघडं, आणि मनात दुपारच्या जेवणाचा विचार. कॅमेरा ते पकडतो. खरं ऐकणारा माणूस पुष्कळदा स्थिर असतो, आणि एखाद्याच शब्दावर त्याच्यात काही हलतं. थोरली सून घर सोडून निघाली असा एक सीन मी केला होता. मी सासरा, मला वाक्य नव्हतं. मी फक्त तिच्या हातातल्या पिशवीकडे बघत राहिलो, कारण ती पिशवी माझ्या पात्राने बाजारातून आणलेली होती, असं मी ठरवलं होतं. तीन पानांच्या त्या सीनमध्ये शेवटी माझा चेहरा दोनदा लावला गेला. वाक्य असलेल्या दोघा नटांपेक्षा जास्त वेळ. त्या दिवसानंतर वाक्यं किती आहेत हे विचारायचं मी सोडून दिलं.

आता आपल्या गावाकडे बघा, म्हणजे धीर येईल. अभिनेत्री शशिकला सोलापूरच्या. जन्म १९३२ चा. घरची परिस्थिती बिघडल्यावर लहान वयात मुंबईला गेल्या. नायिका म्हणून त्यांचं फार काही झालं नाही, पण खलनायिका आणि सहायक भूमिकांत त्यांनी जागा केली ती कुणाला भरून काढता आली नाही. 'आरती' आणि 'गुमराह' या लागोपाठच्या वर्षांतल्या दोन चित्रपटांसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. पुढे टीव्ही मालिकांचा जमाना आला तेव्हा लहान मुलांच्या मालिकेत त्या आजी झाल्या. २००७ साली पद्मश्री मिळाली, २०२१ साली त्या गेल्या. त्यांच्या काळातल्या किती नायिका दहा वर्षांत विसरल्या गेल्या, आणि या चाळीसच्या दशकापासून थेट या शतकापर्यंत काम करत राहिल्या.

दुसरे अतुल कुलकर्णी. हरिभाई देवकरण प्रशालेचे विद्यार्थी, नाट्य आराधना या इथल्या हौशी संस्थेत काम केलेले, मग दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून १९९५ साली बाहेर पडलेले. 'हे राम' आणि 'चांदनी बार' या दोन चित्रपटांसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. तुमच्या-माझ्यासाठी त्यातली लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम, एवढ्या भाषांतल्या चित्रपटांत त्यांनी काम केलं. सोलापूरच्या माणसाला इथे जन्मतःच थोडी आघाडी असते. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या वाटेला कन्नड, विजापूर वेशीत दखनी, आणि या सगळ्यांत मिसळलेली आपली मराठी. तुम्हाला कारखान्यात रोज तीन भाषा ऐकू येत असणार. त्यातली एक तरी, तेलुगू म्हणा किंवा कन्नड, नीट वाचता-बोलता येईल इतकी शिकून घ्या. हैदराबाद आणि बेंगळुरू आपल्यापासून काही फार लांब नाहीत, आणि तिकडच्या ओटीटी मालिकांना मराठी वळणाचे चेहरे अधूनमधून लागतात.

बोलीचं म्हणाल तर जपून. मालिकांत 'ग्रामीण' म्हणून जे चालतं ते बहुधा कोल्हापूर-साताऱ्याकडचं वळण असतं. आपलं 'जायलालोय' आणि 'काय बे' त्यात बसत नाही, आणि दिग्दर्शक पुण्या-मुंबईचा असेल तर त्याला फरकही कळत नाही. ती वळणं शिकून घ्या, शिवाय वर्तमानपत्री प्रमाण मराठी स्वच्छ ठेवा. पण आपली सोलापुरी विसरू नका. करमाळ्याच्या जेऊरचे नागराज मंजुळे आणि २०१६ चा 'सैराट' यांनी या जिल्ह्याचं बोलणं आणि चेहरे साऱ्या महाराष्ट्राला दाखवले. अकलूजच्या शाळकरी मुलीला त्यात राष्ट्रीय पारितोषिकांत विशेष उल्लेख मिळाला. तेव्हापासून कास्टिंगवाले आपल्याकडच्या माणसाला 'तुमच्याकडं बोलतात तसं बोलून दाखवा' असं सांगायला लागले. आधी ते 'हे काढून टाका' म्हणायचे. मी दोन्ही ऐकलंय.

मालिकेतलं आयुष्य वेगळंच, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण तुमची सुरुवात बहुधा तिथेच होईल. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढे कितीतरी वर्षं मराठीत आठवड्याला एक भाग अशाच मालिका होत्या आणि त्यात काम मिळणाऱ्यांची संख्या मूठभर. १९९९ ला अल्फा मराठी आलं, तेच आजचं झी मराठी. पाठोपाठ २००० मध्ये ई टीव्ही मराठी, जे आता कलर्स मराठी आहे, आणि २००८ मध्ये स्टार प्रवाह. रोजच्या मालिका सुरू झाल्या आणि त्यांच्याबरोबर मोठी कुटुंबं आली: आजी, काका, आत्या, शेजारी, भटजी, वकील. चरित्र नटाचं घर चालायला लागलं ते या रोजच्या मालिकांमुळे. एरवी त्यांना नावं ठेवणाऱ्या आमच्या नाटकवाल्यांनी ही गोष्ट मान्य करायला हवी.

बारा तासांची शिफ्ट असते. प्रवास, मेकअप, कपडे धरून घरापासून घरापर्यंत पंधरा-सोळा तास सहज जातात. सीन पुष्कळदा त्याच दिवशी छापून हातात पडतो. राज्य नाट्यला आपण दोन-दोन महिने तालमी करतो; इथे वीस मिनिटं. त्याची तयारी घरी करता येते. रोज सकाळी वर्तमानपत्राच्या अग्रलेखातला एक परिच्छेद घ्या, दहा मिनिटांत पाठ करा आणि वहिनींना म्हणून दाखवा, न अडखळता. तीन महिन्यांत फरक दिसेल. बाकीचा वेळ वाट बघण्यात जातो. कॉल सकाळी सातचा आणि पहिला शॉट दुपारी तीनला, हे नेहमीचं. त्या वेळात जो चिडचिड करतो, फोनवर मोठ्याने बोलतो, इतरांच्या पैशांची चौकशी करतो, त्याचं तीनला काम बिघडतं. मी पुस्तक नेतो आणि जेवण हलकं ठेवतो. रात्रीच्या शिफ्ट, अवेळी खाणं आणि तासन्‌तास उभं राहणं यांनी चाळिशीनंतर रक्तदाब आणि गुडघे दोन्ही बोलायला लागतात, तेव्हा सुरुवात करण्याआधी एकदा सगळी तपासणी करून घ्या.

मालिकेत दर गुरुवारी टीआरपी, म्हणजे किती लोकांनी बघितलं त्याचा आकडा, येतो आणि त्यावर कथेचं वळण ठरतं. चांगलं चाललेलं पात्र अचानक गावाला जातं, तीर्थयात्रेला जातं किंवा मरतं. कुणी वाईट वागलेलं नसतं. तुमचा ट्रॅक, म्हणजे कथेतला तुमचा धागा, संपलेला असतो, एवढंच. महिन्याला पंधरा दिवस काम आहे असं धरून घराचा हप्ता बांधलेला नट अशा वेळी उन्मळून पडतो. एकेकाळी मिलच्या भोंग्यावर चालणाऱ्या या गावाने 'जुनी मिल' ही कापडगिरणी बंद पडताना पाहिली आहे. हक्काचं काम एका सकाळी नसतं तेव्हा घराचं काय होतं, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

म्हणून नोकरीबद्दल माझं स्पष्ट मत: आत्ता सोडू नका. सोलापूरही सोडू नका. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मी तुम्हाला मुंबईला चला म्हणालो असतो, कारण तेव्हा फोटोची पाकिटं घेऊन ऑफिसं पालथी घालावी लागत. आज पहिली ऑडिशन मोबाइलवर चित्रित करून पाठवायची असते. मालिका आता एकट्या गोरेगावच्या चित्रनगरीत होत नाहीत. सातारा, वाई, कोल्हापूर, नाशिक या भागांतही होतात. मुंबईला जायचं झालं तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी पोचवते, आणि २०२३ पासून वंदे भारत सकाळी निघून दुपारपर्यंत नेते. दोन-तीन दिवसांच्या भूमिका रजा टाकून करता येतात. अशी काही वर्षं काढा. एका वेळी निदान एका वर्षाचा घरखर्च बाजूला पडला आणि वर्षभर बोलावणी येत राहिली, तर नोकरीचा विचार करा. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये, ही म्हण या धंद्याइतकी कुठे खरी नसेल.

मोबाइलवरच्या ऑडिशनबद्दल. फोन आडवा, साधी भिंत, खिडकीचा उजेड समोरून, कमरेपासून वर दिसेल असं अंतर. आधी ओळख: नाव, वय, उंची, गाव, येणाऱ्या भाषा, केलेलं काम, मग दोन्ही बाजूंनी चेहरा. संगीत, फिल्टर, गॉगल काही नको. मग सीन. समोरच्याची वाक्यं वाचणारा कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी बसवा आणि त्याला हळू वाचायला सांगा, नाहीतर त्याचाच आवाज मोठा येतो. एकाच सीनचे दोन वेगळे टेक पाठवा, एक सौम्य, एक कडक. दिग्दर्शकाला तुम्ही सूचना घेऊ शकता हे त्यातून कळतं. केस रंगवू नका. तुमचे पिकलेले कल्ले हे तुमचं भांडवल आहे. पाठवल्यावर उत्तर येणार नाही, हे गृहीत धरा. नाही म्हणायचं असेल तर कुणी कळवत नाही.

पैशांचं तुम्हाला जास्त समजावायला नको. दर दिवसावर ठरतो. मोबदला हातात पडायला बहुधा तीन महिने लागतात, कारण नव्वद दिवसांची मुदत हा मालिकांतला रूढ रिवाज आहे. म्हणजे दिवाळीत केलेल्या कामाचे पैसे संक्रांत उलटल्यावर. १० टक्के टीडीएस कापला जातो, तो विवरणपत्र भरून हिशेबात घ्यायचा. कबूल करण्याआधी दर, शिफ्टचे तास, महिन्याला किमान किती दिवस, प्रवास आणि राहणं कुणाकडे, हे सगळं लेखी घ्या. निदान मोबाइलवर संदेशात तरी घ्या. तोंडी 'बघू की' वर जाऊ नका. एका निर्मितीसंस्थेकडे माझं काही दिवसांचं काम बुडालं ते असल्याच तोंडी बोलण्यामुळे. संघटनेत जाऊन सांगायला हातात कागदच नव्हता.

आणि ऑडिशनसाठी, पोर्टफोलिओसाठी, 'कार्ड काढून देतो' म्हणून जो पैसे आधी मागेल त्याचा नंबर लगेच काढून टाका. खरा कोऑर्डिनेटर, म्हणजे नटांना कामं मिळवून देणारा माणूस, त्याची टक्केवारी मिळालेल्या कामातून घेतो. सभासदत्व घ्यायचं असेल तर ते स्वतः घ्या: मराठीसाठी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ, मुख्य कार्यालय कोल्हापूरला, हिंदीसाठी १९५८ पासून चालत आलेली मुंबईतली सिंटा ही कलाकारांची संघटना. सोलापुरात हॉटेलच्या हॉलमध्ये 'भव्य ऑडिशन' लावून फी गोळा करणाऱ्यांच्या नादी आपल्या गावची कितीतरी पोरं लागली आहेत. तुमच्याकडे कुणी चौकशीला आलं तर त्यालाही हे सांगा.

वहिनींशी आणि मुलीशी आत्ताच बोला. दहावीची परीक्षा होईपर्यंत बाहेरगावचं काम घेऊ नका. चार महिन्यांनी या धंद्यात काही बिघडत नाही. मालकांनाही विश्वासात घ्या. वर्षाला इतक्या रजा लागतील, त्या आठवडाभर आधी सांगेन, मार्चअखेरच्या हिशेबाच्या वेळी एकही घेणार नाही, असं स्वतःहून सांगितलंत तर बहुतेक मालक ऐकतात. चोरून रजा टाकून शूटिंग करू नका. मालिका सगळं गाव बघतं.

या वर्षीची राज्य नाट्य मात्र सोडू नका. फक्त या खेपेला प्रमुख भूमिका मागू नका. दिग्दर्शकाला सांगा, दोन प्रवेशांची, कमी वाक्यांची भूमिका द्या. प्राथमिक फेरीचा प्रयोग कुणाकडून तरी चित्रित करून घ्या, आणि नंतर फक्त तेवढा भाग बघा जिथे बोलतंय दुसरं कुणी आणि तुम्ही बाजूला उभे आहात. त्यात तुम्ही काय करताय ते मला कळवा, मग पुढचं बोलू.